पितळी गज

वस्तीवरून, ता. कोपरगाव
९ नोव्हेंबर

ती. रंगनाथदादांना माधुरीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधी सांगते. मी तुमची मावसबहीण, राहुरीच्या मावशीची धाकटी. आपली शेवटची भेट ह्यांच्या दहाव्याला, गोदावरीच्या घाटावर झाली. तुम्ही जवळ येऊन उभे राहिलात, मी काहीतरी बोलले, तुम्ही नुसती मान हलवलीत आणि निघून गेलात. तेव्हा मला जरा लागलं होतं. नंतर तुमच्या पंकजनं सांगितलं की फौजेत रायफली दुरुस्त करून चालवून बघता बघता बाबांचे दोन्ही कान गेले, फोनवरचं तर आता काहीच कळत नाही. म्हणून फोन न करता लिहिते आहे.

मी रिव्हॉल्व्हर घेतलं. बत्तीस बोअरचं, परवान्याचं, अगदी नवं. परवान्याच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी चहा पिता पिता विचारलं, "ताई, तुम्हाला हे झेपेल का?" मी म्हटलं, ऊस झेपतो आहे तर हेही झेपेल. दुकानदारानं पेटी हातात दिली आणि म्हणाला, "तेल लावत जा, बस." सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे. वाचता येते, पण हाताला काही उमगत नाही.

सगळ्या अंगाला मेणासारखं चिकट काहीतरी फासलेलं आहे. नळीत डोळा लावला तर आत काळोख. नळी चांगली आहे की खराब, ते कसं ओळखायचं? पहिल्यांदा साफ कशी करायची? आपल्या अख्ख्या गोतावळ्यात हे विचारावं असे तुम्ही एकटेच.

का घेतलं ते पुन्हा कधी. मोनिका बंगळूरला ठीक आहे, आईला फोन करत असते.

आपली,
माधुरी


ता. जामखेड
१६ नोव्हेंबर

चि. माधुरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा वाटलं, पेन्शनचं काही असेल. हातानं लिहिलेलं पत्र मला येऊन किती वर्षं झाली ते आठवत नाही.

उसातल्या बिबट्यासाठी घेतलं असशील तर आधीच सांगतो, उपयोग नाही. बिबट्याला मारणं गुन्हा आहे, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून रिव्हॉल्व्हरची गोळी समोरच्या म्हशीलासुद्धा लागत नाही. दिवा लाव, डबा वाजव, मोबाईलवर गाणी लाव.

आता कामाचं. गोळ्या आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव. मग घोड्याजवळची कळ दाब. हत्यार मधून मोडतं, नळी खाली झुकते आणि चक्रीची सगळी घरं उघडी पडतात. घरं डोळ्यांनी बघ, मग एकेका घरात बोट लावून बघ. नोकरीत मला कितीही मोठ्या साहेबानं सांगितलं की रिकामं आहे, तरी बोट लावल्याशिवाय मी मानलं नाही.

ते मेणचट आहे ते गंज चढू नये म्हणून लावतात. ते आत असताना गोळी चालवायची नसते. जुन्या सुती कापडाच्या चिंद्या कर, अंगठ्याच्या नखाएवढ्या. फौजेत देशभरातली पोरं त्याला चिंदीच म्हणायची, आपला शब्द तिथं भेटला म्हणून मला सुरुवातीला फार बरं वाटलेलं. बंदुकीचं पातळ तेल आण. चिंदी त्यात भिजवून नळीच्या मागच्या तोंडातून घाल आणि पुढून बाहेर काढ. तीच परत ओढू नको. काळं-पिवळं निघेल, निघू दे. पांढरी निघेपर्यंत हेच करत राहा. चक्रीची घरंही तशीच. शेवटी कोरडी चिंदी फिरव, मग तेलाचा नुसता हात. आणि गोळ्या भरून ठेवायची वेळ आली तर नळीतलं तेल आधी कोरडं पुसून घे.

मग नळी बघ. दिवसा, खिडकीशी, हत्यार मोडलेलं असतानाच. मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धर, उजेड नखावर पडून आत वळतो. पुढून डोळा लाव. आत पिळासारखे आटे दिसतील, गोळीला फिरकी देणारे. त्यांच्या कडा धारदार पाहिजेत आणि उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पाहिजे. कुठं काळं कडं दिसलं, खड्डा दिसला, तर लिही.

मला शेतीच्या कामातून सवड कमी असते. तरी तुझं पत्र आलं तर उत्तर देईन.

तुझा,
रंगनाथ


वस्तीवरून
२५ नोव्हेंबर

ती. दादांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. ह्यांचं एक जुनं मऊ धोतर होतं, त्याच्या चिंद्या केल्या. कापडाला कात्री लावताना थोडं थांबले, मग लावली. पहिल्या चिंद्या गुळाच्या काकवीसारख्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीशी नख धरून पाहिलं आणि दादा, मला हसूच आलं. इतक्या छोट्या नळीत एवढा उजेड मावतो! पिळाचे आटे अगदी स्वच्छ, वळत वळत गेलेले.

पण पुढच्या तोंडाच्या जरा आत एक काळसर कडं दिसतं, आणि आसपास आडव्या बारीक रेघा आहेत, बांगडीवर असतात तशा. ते काही जात नाही. मी रोज साफ करते आहे. स्वेटर विणायची लोखंडी सुई आहे, तिला चिंदी गुंडाळून आत फिरवते.

का घेतलं ते आता सांगते. बिबट्या नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर दिवेलागणीला चोर आले. म्हातारा-म्हातारी दोघंच घरात. बाहेरून हाक मारली, "काका, सोसायटीतून आलोय, कागदावर सही पायजे." काकांनी दार उघडलं. त्यांचा हात मोडला, म्हातारीच्या कानाच्या पाळ्या तुटल्या. मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. आता त्या बाजूचा दिवा लागत नाही. पूर्वी तो दिवा मी बघायची असं नाही, पण लागत नाही हे रोज कळतं.

मोनिका म्हणते, जमीन वाट्यानं दे आणि इकडे ये. तिच्या फ्लॅटमध्ये मी पंधरा दिवस राहून आले आहे. तिथेही ती रात्री येते, मी दिवसभर एकटीच. मग माझ्या घरात एकटी राहिलेलं काय वाईट?

दिवेलागणीची वेळ तेवढी जात नाही. शेतातलं काम संपलेलं, स्वयंपाक एकटीचा. सध्या त्या वेळेला रिव्हॉल्व्हर साफ करायला घेते. लक्ष देऊन करावं लागतं, त्यात वेळ बरा जातो.

ते कडं काय असेल?

माधुरी


ता. जामखेड
३ डिसेंबर

चि. माधुरीस आशीर्वाद.

सुई आधी बाहेर काढ! लोखंड नळीत घालायचं नाही. पुढच्या तोंडाची कड घासली गेली की गोळी वाकडी जाते, मग नळी कितीही चांगली असो.

कड्याचं असं. हत्यार हळूहळू फिरवून बघ. कडं उजेडाबरोबर सरकलं तर ती नुसती सावली, नाहीतर तेलाचा थर. जागच्या जागी राहिलं तर मात्र नळी आतून फुगलेली असू शकते. तसं असेल तर एकही गोळी घालू नको, दुकानदाराला दाखव. आडव्या रेघा म्हणजे नळी आतून कापताना राहिलेल्या खुणा. त्यानं धोका नाही, पुढं शिसं तिथं जरा जास्त धरेल इतकंच. कडं सावलीचं निघालं तर नळी अव्वल नाही, पण चांगली आहे. मी हयातीत पाहिलेल्या बहुतेक नळ्या अशाच होत्या.

आणि रोज साफ करू नको. रोजच्या घासण्यानं नव्या हत्याराचं नुकसानच होतं. महिन्यातून एकदा पुरे. दिवेलागणीला दुसरं काही काम काढ. मी त्या वेळेला गावच्या स्टँडवर जाऊन बसतो. बोललेलं कळत नाही, पण गाडीतून माणसं उतरताना दिसतात.

नळीतून चिंदी ढकलायचा माझा पितळी गज तुला पाठवतो आहे. वर्कशॉपमध्ये मी स्वतः घासून केलेला. रायफलीचा आहे, तुला लांब पडेल, पण कापू नको. पितळ मऊ असतं, नळीला ओरखडा काढत नाही. आमच्या गावचे कल्याण आणि चांगुणा हे नवरा-बायको दरसाल तुमच्याकडे ऊस तोडायला येतात. उद्या मुकादमाचा ट्रॅक्टर निघतो आहे. त्यांच्याकडे दिला आहे, जुन्या पँटच्या कापडात गुंडाळून. कल्याण दिसायला आडदांड आहे, पण फार गरीब माणूस. ते आले की दार उघड.

रंगनाथ


वस्तीवरून
८ डिसेंबर

दादा,

काल मी गोळी मारली. माणसावर.

दिवेलागणीची वेळ होती, वीज गेलेली. कुत्रं भुंकायला लागलं म्हणून खिडकीतून पाहिलं तर उसाच्या कडेनं दोघं येत होती. पुढे एक दांडगा माणूस, कमरेला कोयता, हातात कापडात गुंडाळलेलं लांब काहीतरी. मागे डोक्यावरून पदर घेतलेली कुणीतरी. बाई होती की बाईचं सोंग, मला कळलं नाही. अंगणात येऊन त्यानं हाक मारली, "ताई, दार उघडा. बाबानं धाडलंय." कोण बाबा? शेजारच्या काकांनाही अशीच हाक मारली होती. मी ओरडले, "निघून जा, माझ्याकडे बंदूक आहे." तो हसला, आणि हातातलं ते लांब वर करून दाखवायला लागला.

मी खिडकीच्या गजांतून चाप ओढला. आवाज एवढा झाला की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तो खाली बसला. बाई त्याच्या अंगावर पडली. मग दोघं उठून उसात पळाली. त्याला लागलं की नाही, मला माहीत नाही.

सकाळी पडवीच्या खांबाची ढलपी निघालेली दिसली. खाली फरशीवर रक्त होतं. थोडं आहे. थोडं म्हणजे किती असायला हवं, ते मला कळत नाही.

अजून कुणालाही सांगितलेलं नाही. फरशी धुतलेली नाही. मोनिकाचा फोन आला, तिला म्हटलं, सर्दी झाली आहे म्हणून आवाज असा येतो. तुम्हाला लिहिते, कारण ह्याबद्दल लिहायला दुसरं कुणी नाही.

माधुरी


वस्तीवरून
११ डिसेंबर

ती. दादांना नमस्कार.

तुमचं तीन तारखेचं पत्र परवा दुपारी मिळालं. "दार उघड" इथपर्यंत वाचलं आणि मी चपला घालून निघाले.

कारखान्याच्या रस्त्याला तोडणीवाल्यांच्या कोप्या आहेत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या. एकेका कोपीपाशी जाऊन विचारत गेले, जामखेडचे कल्याण आणि चांगुणा कुठे आहेत. लोक परक्या बाईकडे बघतात तसं माझ्याकडे बघत होते, मग बघायचे थांबले. शेवटच्या रांगेत एक बाई चुलीपुढे बसली होती. मी तिला विचारायच्या आत तिनं मला आवाजावरून ओळखलं. उठली आणि कोपीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"आता काय आनलंय मारायला?" म्हणाली.

मी हात पुढे केले, रिकामे. तिनं मला खाली बसवलं. रागानंच, पण बसवलं.

गोळी कल्याणला लागलेली नाही, दादा. खांबाची ढलपी उडून त्याच्या उजव्या दंडात घुसली होती. त्यांनी ती स्वतःच ओढून काढली, हळद भरून फडकं बांधलं. पोलिसांचं लचांड नको म्हणून दवाखान्यात गेले नाहीत. हात सुजून केळीच्या खांबासारखा झाला होता. अंगात ताप. मी टेम्पो बोलावला आणि दोघांना कोपरगावच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर जखम धूत होते तेव्हा चांगुणा माझ्या शेजारी बाकावर बसली होती. म्हणाली, "बाबानं सांगितलं व्हतं, बहीन एकली हाय. गज द्यायचा आन घडीभर बसायचं. च्या घेतल्याबिगर उठायचं न्हाई. तिला बोलायला मानूस पायजे." मी विचारलं, दादा असं म्हणाले? "व्हय. त्यान्ला तरी कोन हाय? शेत कवाच वाट्यानं दिलंय. कुनी बोललं तर ऐकू येत न्हाई, म्हनून लोकांनी बोलायचंच सोडलंय. तुमचं पत्र आलं की आमच्या वट्यावर येऊन मोठ्यानं वाचायचे. ते काकवीवानी चिंद्या निघाल्याचं तीनदा वाचलं."

तुम्ही मला हे लिहिलं नव्हतं.

कल्याण शुद्धीवर होता, ताप उतरत होता. मला म्हणाला, "ताई, पोलिसाला सांगा, साफ करताना चुकून सुटली. माजीबी तीच जबानी. आमाला कोर्टाच्या चकरा न्हाई परवडायच्या." मुकादमही तेच म्हणत होता. सगळ्यांच्या सोयीचं होतं. मी म्हटलं, नाही. माझ्या भावानं शिकवलेली सफाई मी करते, तीत गोळी सुटत नाही. हत्यार हातात घेतलं की आधी घरं रिकामी करते, बोट लावून बघते. मी चाप ओढला, माणूस समोर बघून ओढला. ठाण्यात तसंच लिहून दिलं आहे. पुढे जे व्हायचं ते होईल.

रिव्हॉल्व्हर जमा केलं. जमा करून घेणाऱ्या साहेबांनी ते मोडून नळी उजेडाकडे धरली. म्हणाले, "चार दिवस होऊन गेले गोळी मारून, आत काजळी कशी नाही?"

मी त्याच संध्याकाळी साफ केलं होतं, दादा. ते दोघं उसात पळून गेल्यावर. मेणबत्ती लावून बसले आणि चिंदी पांढरी निघेपर्यंत करत राहिले. दुसरं काय करावं ते मला सुचलंच नाही. हेही त्यांना सांगितलं.

माधुरी


ता. जामखेड
१९ डिसेंबर

चि. माधुरी,

तुझी दोन्ही पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. पोस्टमननं एकावर एक ठेवून दिली. आधी पहिलं वाचलं. ते संपल्यावर दुसरं फोडायला माझा हात उठेना. दुसऱ्यात काय असेल ते पाकिटावरून दिसत नव्हतं. कल्याणची म्हातारी आई समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. माझी जन्मभराची सवय, कळलं नाही की मान हलवायची. तिनं काय विचारलं होतं कुणास ठाऊक.

मग फोडलं. वाचून झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. किती मोठ्यानं बोललो ते मला कळत नाही, पण सगळी आळी गोळा झाली.

तुझ्यावर एक बोट उचलतो तर तीन माझ्याकडं वळतात. एकट्या बाईच्या दारात अंधार पडताना परका गडी पाठवला, हातात काठीसारखी वस्तू देऊन. तुला पत्र पोचायच्या आत ते पोचतील हे मला कळायला पाहिजे होतं. मी फक्त गज किती सरळ आहे ते बघत होतो.

एक विचारतो. चालवायच्या आधी नळीतलं तेल पुसलं होतंस का? पुसलं नसशील तर पहिली गोळी जरा इकडं-तिकडं जाते. त्यामुळं चुकली असेल, किंवा तुझा हात कापला म्हणून चुकली असेल. मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. मी दोन दिवस याचाच विचार करतो आहे आणि त्यातून काही निघत नाही.

चांगुणा बोलली ते खरं आहे. मला शेतीची कामं नाहीत. आठ दिवस तुला काय लिहायचं ते मनात जुळवतो आणि मग लिहितो.

तू ठाण्यात खरं सांगितलंस. मी असतो तर कल्याणचं ऐकलं असतं, असं वाटतं. त्याच्या हाताचं कळव. बोटं मिटतात का ते बघ.

रंगनाथ


वस्तीवरून
२२ मार्च

ती. दादांना नमस्कार.

तुमची जानेवारीतली दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर लिहिलं नाही. दिवसभर अंग मोडून निघायचं आणि रात्री हात पेन धरायच्या लायकीचे नसायचे. का, ते सांगते.

कल्याणची बोटं मिटतात. पण डॉक्टरांनी दोन महिने कोयता धरायचा नाही असं सांगितलं. नवरा-बायकोच्या जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंही काम बंद, हे मला माहीत नव्हतं. मी घरच्या उसाची मालकीण, तो तोडतात कसा हे बांधावरून बघितलेलं. एक दिवस चांगुणाला म्हटलं, मी येते. ती हसली. "तुमी? उसाच्या पाचटानं तोंड फाटंल." फाटलं. ती तोडायची, मी मोळ्या बांधायची. पहिल्या आठवड्यात माझ्या मोळ्या गाडीत चढवतानाच सुटायच्या आणि सगळी टोळी ओरडायची, "मालकिनीची सुटली!" लोकांनी नावं ठेवली. जाऊबाईंनी मोनिकाला फोन करून आईच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सांगितलं. मोनिका आली. दोन दिवस राहिली, उसाच्या फडात येऊन बसली. जाताना म्हणाली, "आई, तू जेवतेस तरी आता."

दोघं इथेच, पडवीतल्या खोलीत राहिली. कल्याण दिवेलागणीला घरी असायचा. एका हातानं भाकरी करायला शिकला, मोठमोठ्यानं अभंग म्हणायचा, फार बेसूर. ज्या खांबाची ढलपी उडाली त्यालाच टेकून बसायचा. मी म्हटलं, तिथे नको बसू. म्हणाला, "आता हितं काय व्हनार न्हाई. व्हायचं ते हून गेलंय." मी आत जाऊन रडले.

खटला चालू आहे, मी जामिनावर आहे. कल्याणनं जबानीत मला माफ केल्याचं लिहून दिलं. परवाना रद्द झाला. मी अपील केलेलं नाही.

परवा टोळी गेली. खोली झाडून घेतली. काल दिवेलागणीला मी पडवीत येऊन बसले आणि लक्षात आलं, आता तुम्हाला विचारायला माझ्याकडे काही नाही. हत्यार नाही, नळी नाही. मग पत्र कशाबद्दल लिहायचं?

तुम्ही इकडे या. खोली रिकामी आहे.

माधुरी


ता. जामखेड
३० मार्च

चि. माधुरीस आशीर्वाद.

कल्याण-चांगुणा पोचले. चांगुणानं तुझ्या मोळ्यांचं हातवारे करून सांगितलं, मी पोट धरून हसलो. कल्याणच्या हाताची मी स्वतः तपासणी केली.

तू बोलावलंस. मी येणार नाही. राग मानू नको, कारण सांगतो. पंकजकडं पुण्याला मी चार महिने राहिलो. पहिले दिवस सगळे माझ्यासाठी मोठ्यानं बोलायचे. बोलून बोलून त्यांचे घसे बसायचे. मग फक्त कामाचं मोठ्यानं, बाकीचं हळू. मग माझ्यासमोर बसून एकमेकांशी हसायचे आणि मी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही बाबा, असंच." वाईट कुणीच नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर राहायचा कंटाळा येतो, एवढंच. त्यांना कंटाळा आलेला मला दिसायचा, कारण दिसतं मला चांगलं. म्हणून एक दिवस गाडीत बसून इकडं आलो.

कागदावर मी बरा आहे. कागदावर मला सगळं कळतं आणि तुला ओरडावं लागत नाही. तिथं आलो तर महिन्याभरात तुलाही कंटाळा येईल आणि मग पत्रंही जातील. माझ्याकडं आता तेवढंच आहे, ते मी पणाला लावणार नाही.

विचारायला काही नसेल तर न विचारता लिही. उसाला पाणी दिलं, एवढं लिहिलंस तरी चालेल.

रंगनाथ


९ एप्रिल, तुमच्या दारातून

दादा,

ही चिठ्ठी दाराच्या फटीतून आत सरकवते आहे. सकाळच्या गाडीनं आले. चांगुणानं घर दाखवलं आणि ती कामाला गेली. कडी वाजवून झाली, हाका मारून झाल्या. आत तुम्ही आहात, स्टोव्हचा आवाज येतो आहे. खिडकीतून तुमची पाठ दिसते. काहीतरी निवडत बसला आहात.

खिडकीत जाऊन हात हलवता आला असता. पण तुम्ही दचकाल म्हणून नाही हलवला.

मी ओरडून बोलणार नाही. दोनशे पानी वही आणली आहे आणि पेनांचं पाकीट. मी लिहीन, तुम्ही वाचा आणि तोंडानं उत्तर द्या. कंटाळा आला तर तोही मी लिहूनच सांगेन, लपवणार नाही. चार दिवस राहीन. जमलं तर पुढचं बघू.

घाई नाही. तुमचं लक्ष जाईल तेव्हा उघडा. मी पायरीवर बसले आहे. उसाला पाणी दिलं.

माधुरी